कथा वाचण्याचा एक उन्हाळा

१

दरवर्षी मार्च सरत आला की मराठीच्या वर्गातले दोन-तीन विद्यार्थी तास संपल्यावर रेंगाळतात आणि जरा चाचरत एकच प्रश्न विचारतात. त्यांना कथा लिहायची असते; सुट्टीत काय वाचावे याची यादी हवी असते. यादी देणे सोपे आहे. आम्ही ती अनेकदा दिली आहे, आणि देताना दर वेळी आपल्या हातून काहीतरी चुकते आहे असेही वाटत राहिले आहे. कारण यादी मागणाऱ्याच्या मनात एक समजूत असते : पुरेशा चांगल्या कथा वाचल्या की चांगली कथा लिहिता येते. एके काळी ती आमचीही समजूत होती. ती मोडायला एक उन्हाळा जावा लागला. त्या उन्हाळ्याविषयी, आणि त्यातून आमचे जे मत बनले त्याविषयी, हे टिपण.

गोष्ट २००६ सालची. आम्ही तिघे, म्हणजे दोन मित्र आणि एक मैत्रीण, एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपून परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतलो होतो. तिघांनाही लेखक व्हायचे होते. तिघांच्याही ट्रंकेत दिवाळी अंकांकडून साभार परत आलेल्या कथा होत्या, आणि त्या परत येण्यामागे पुण्या-मुंबईकडची कंपूशाही आहे यावर आमचे पूर्ण एकमत होते. भारनियमनाचे ते दिवस. दिवसाचा अर्धाअधिक वेळ वीज नसे, त्यामुळे दूरदर्शन संचाची सोबत नव्हती. गावच्या सार्वजनिक वाचनालयात मात्र लोखंडी कपाटांच्या दोन रांगा होत्या, आणि त्यांतली कथासंग्रहांची दोन कपाटे वर्षानुवर्षे कोणी फारशी उघडलेली नव्हती. काही पुस्तकांना चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख आमच्या शाळाप्रवेशाच्या आधीची होती.

अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत, म्हणजे अदमासे चाळीस दिवस, आम्ही फक्त कथा वाचायचे ठरवले. नियम तीनच होते. दुपारी ज्याने त्याने आपापले वाचावे. संध्याकाळी एकाने एक कथा मोठ्याने वाचावी आणि इतरांनी ऐकावी. ‘निवडक कथा’ छापाचे संग्रह घेऊ नयेत. लेखकाने स्वतः सिद्ध केलेला मूळ संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. आणि सुट्टी संपताना प्रत्येकाने एक कथा लिहून इतर दोघांना वाचून दाखवावी. पहिले दोन नियम आम्ही बऱ्यापैकी पाळले. तिसऱ्याचे काय झाले ते पुढे येईलच.

२

आरंभी आम्ही कथा वाचत होतो त्या चोरासारख्या. प्रत्येक घरात शिरायचे, कुलूप कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहायचे आणि नोंद करून बाहेर पडायचे. वहीत आम्ही रकाने आखले होते : आरंभ, निवेदक, काळाची उलटापालट, कलाटणी, शेवट. ना. सी. फडक्यांचे १९३१ सालचे ‘प्रतिभासाधन’ वाचनालयात होतेच. तेही पहिल्याच आठवड्यात वाचून काढले. फडक्यांना नावे ठेवण्याची मराठीत जुनी रीत आहे. आमचा तो उद्देश नाही. कथानकाची गुंफण, उत्कंठा, उकल यांविषयी ते जे सांगतात त्यात बरेच काही खरे आहे, आणि एवढ्या स्वच्छ भाषेत ते सांगणारे त्यांच्यानंतरही फार झाले नाहीत. अडचण निराळी होती. तंत्राविषयीचे विधान लिहून झालेल्या कथेबाबत नेहमीच खरे ठरते. अजून न लिहिलेल्या कथेबाबत ते काहीही सांगत नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या वहीची तीस-पस्तीस पाने भरली होती आणि हाती काही लागत नव्हते. एकाच रकान्यात, एकाच शब्दात नोंदवलेल्या दोन कथांपैकी एक अंगावर काटा आणते आणि दुसरी सकाळी आठवतही नाही, याचा उलगडा तक्त्यातून होईना.

तो झाला एका संध्याकाळी. त्या दिवशी अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातलं सोनं’ मोठ्याने वाचायची पाळी आमच्यातल्या एका मित्राची होती. कथा अनेकांना ठाऊक असेल. भीमा हा पोटासाठी मुंबईत आलेला, खाणीत दगड फोडणारा धिप्पाड माणूस. खाण बंद पडते, काम जाते. राखेत सापडलेल्या सोन्यामुळे त्याला नवा धंदा सुचतो. मसणातली राख चाळायची, पुरलेली प्रेते उकरायची आणि मिळेल ते सोने विकून घर चालवायचे. एके रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो एक प्रेत ताब्यात घेतो, पण त्याची बोटे त्या प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती बोटे जातात, आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

आमच्या तक्त्यात या शेवटाची नोंद ‘उपरोधिक कलाटणी’ अशी झाली असती. साप्ताहिकांतल्या डझनभर कथांची नोंदही आम्ही तशीच केली होती. पण ऐकताना लक्षात आले की हा शेवट म्हणजे लेखकाने खेळलेला डाव नाही. ज्या हातांनी माणूस दगड फोडतो त्याच हातांनी तो प्रेत उकरतो. त्या हातांखेरीज त्याच्यापाशी विकण्यासारखे दुसरे काहीच नाही. काम असते तेव्हा हात शाबूत असतात, काम जाते तेव्हा हात पणाला लागतात, आणि काम परत येते तेव्हा हात उरलेले नसतात. हा योगायोग वाटतो, पण रोजंदारीवर जगणाऱ्याच्या आयुष्यात असे योगायोग नेहमीचेच असतात. ही गोष्ट कलाटणीच्या रकान्यात मावत नाही. ती आधीच्या पानांतल्या तपशिलात आहे : राख कशी चाळतात, माती किती उकरावी लागते, घरी बायको काय म्हणते, मोडीचे सोने कसे विकले जाते. तो तपशील नसता तर शेवट नुसता क्रूर झाला असता.

वाचणारा मित्र बोटांच्या प्रसंगाशी आला आणि थांबला. पाणी प्यायला, पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबला. उरलेली दोन पाने मैत्रिणीने वाचली.

३

या मित्राचे वडील वायरमन होते. तो लहान असताना चालू तारेचा झटका बसून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. हे आम्हाला माहीत होते. गावात सगळ्यांनाच माहीत होते. भारनियमनाच्या त्या दिवसांत, वीज कोण आणि कशासाठी घालवतो याच्याशी त्या माणसाचा काडीचाही संबंध नसताना, लोक रात्री-अपरात्री त्यांच्या दारात येऊन शिव्या घालून जात. ते काही न बोलता चप्पल घालून डीपीकडे निघत. उरलेल्या तीन बोटांत पक्कड धरण्याची त्यांची स्वतःची एक पद्धत होती, आणि फ्यूजची तार ते दातांनी ताणत असत.

आणि आमच्या मित्राने तोवर लिहिलेली सर्वांत महत्त्वाकांक्षी कथा कशाविषयी होती? एका निनावी नगराच्या वेशीबाहेर बसलेल्या आंधळ्या प्रवाशाविषयी. त्या कथेत काळे डोह होते, नियतीची पावले होती, विझत जाणारे पलिते होते. दोन दिवाळी अंकांनी ती साभार परत केली होती आणि आम्ही तिघांनी त्या संपादकांना मनोमन करंटे ठरवले होते. त्या संध्याकाळी तो एवढेच म्हणाला, “माझ्या कथेत पक्कड नाही.”

हे वाक्य आम्ही पुढे खूप दिवस चघळले. त्याचा सोपा अर्थ असा की ‘आपल्या अनुभवाचे लिहावे’. हा उपदेश शिळा आहे आणि अर्धवटही आहे. स्वतःच्या अनुभवाचे लिहिणारे बहुतेक जण तो अनुभव दुसऱ्याच्या भाषेतच लिहितात. वडिलांवर कथा लिहायची हे त्या मित्राने आधी ठरवले असते, तर त्याने ‘नियतीने हिरावलेली बोटे’ असेच काहीतरी लिहिले असते. प्रश्न विषयाचा नव्हता. वीस वर्षे रोज डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट, म्हणजे तीन बोटांत पक्कड कशी धरतात ती, त्याने लेखक म्हणून पाहिलीच नव्हती. दुसऱ्या एका लेखकाने भीमाचे हात पाहिले, आणि त्यामुळे त्याला आपल्या वडिलांचा हात दिसला.

आमचे मत बनले ते इथे. चांगली कथा होऊ घातलेल्या लेखकाला चांगली कथा लिहायला शिकवत नाही. ती त्याला स्वतःची खोटी कथा ओळखायला शिकवते. एवढे झाले तरी एका उन्हाळ्याचे सार्थक झाले असे समजावे.

४

मग वाचनाची तऱ्हाच बदलली. रकाने सुटले. प्रत्येक कथेनंतर आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो : या लेखकाने काय पाहिले आहे, जे आपण पाहू शकलो असतो पण पाहिले नाही?

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा लेखक जेमतेम बाविशीतला होता. म्हणजे आमच्याच वयाचा. त्या वयात त्याच्या आणि आमच्या लेखनात जे अंतर आहे ते प्रतिभेचे आहे असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते पुरेसे खरे नाही. ‘धर्मा रामोशी’मध्ये एक जुने धोतर कोणाला दिले जाते आणि ते अखेर कोणाच्या अंगावर दिसते, एवढ्या हालचालीत एका घराची सारी लाज आणि सारे दारिद्र्य येऊन जाते. दारिद्र्य हा शब्द लेखकाला उच्चारावा लागत नाही. आमच्या कथांत तो शब्द पानोपानी होता. धोतर मात्र एकही नव्हते.

मैत्रिणीला जे सापडले ते आम्हा दोघांना सापडण्यासारखे नव्हते. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा १९३३ चा संग्रह ती दोन दिवस घेऊन बसली. टोपणनावाने निघालेल्या त्या पुस्तकाने त्या काळी केवढे वादळ उठवले हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते; पुस्तक मात्र तिघांपैकी कोणीच वाचलेले नव्हते. मराठीचे शिक्षण घेणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट अपवादाची नाही, हेही इथेच नमूद करायला हवे. ते वाचून झाल्यावर तिने आपल्या ट्रंकेतल्या पाच कथा काढल्या आणि आम्हाला दाखवल्या. पाचही कथांचा निवेदक पुरुष होता. कोणी तसे सांगितले नव्हते. कथा म्हटली की सांगणारा पुरुष असतो, एवढे तिच्या कानात बसलेले होते. नंतर तिने कमल देसाईंचा ‘रंग’ वाचला, आणि बाई सांगू लागली की केवळ सर्वनाम बदलत नाही, काय सांगण्याजोगे आहे हेच बदलते, असे तिचे म्हणणे पडले. आम्ही त्यावर वाद घातला. आज आम्हाला ती बरोबर होती असे वाटते.

आणि जी. ए. कुलकर्णी. आमच्या पिढीतल्या कथालेखनाची हौस असलेल्या कोणालाही या माणसाच्या सावलीतून जावेच लागे. आम्ही तर तिथे मुक्कामच ठोकला होता. निनावी नगरे आणि आंधळे प्रवासी आमच्याकडे आले ते तिथूनच. त्या उन्हाळ्यात प्रथमच आम्ही जी. ए. क्रमाने वाचले, १९५९ च्या ‘निळासावळा’पासून आरंभ केला आणि वाचनालयात जेवढे होते तेवढे पुढे वाचत गेलो. तेव्हा कळले की आम्ही जी. ए. अर्धेच वाचलेले होते, तेही शेवटाकडून. रूपककथांच्या निर्जन वाटांवर पोचण्याआधी या लेखकाने धारवाड-बेळगावकडची घरे, परसदारे, विहिरी, नातेवाइकांची कुचकी बोलणी, कानडी वळणाची मराठी हे सारे वर्षानुवर्षे न्याहाळलेले आहे. ‘पिंगळावेळ’मधली ‘कैरी’ पाहा. लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या त्या कथेतली तानीमावशी ही प्रतीक वगैरे होण्याच्या कितीतरी आधी एक मावशी आहे. नियतीचे ते प्रचंड भान या घराघरांतून उगवलेले आहे. आम्ही घरे गाळून नियती तेवढी उचलली होती. अनुकरण बहुधा असेच होते : झाडाचे फळ दिसते, मूळ दिसत नाही.

५

मूळ संग्रह वाचण्याच्या नियमाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अध्यापनाच्या व्यवसायात पडल्यावर त्याचे महत्त्व आम्हाला अधिकच पटत गेले आहे.

आपल्याकडे विद्यार्थ्याला कथा भेटते ती पाठ्यपुस्तकात नाहीतर संपादित संग्रहात. प्रत्येक लेखकाची एकेक उत्तम कथा, आधी प्रस्तावना, मागे स्वाध्याय. परीक्षेसाठी ही सोय ठीक आहे. लेखक होऊ पाहणाऱ्यासाठी ती घातक आहे. सर्वोत्तम दहा कथा ओळीने वाचल्या की कथा ही वस्तू आभाळातून सिद्ध होऊन पडते असे वाटू लागते. मूळ संग्रहात मात्र उत्तम कथेच्या शेजारी फसलेली कथा असते, तिच्यापलीकडे अर्धीच जमलेली. तिथे लेखक काम करताना दिसतो. गंगाधर गाडगीळांचे संग्रह वाचताना आम्हाला हे फार जाणवले. मनाच्या आतल्या हालचाली टिपण्याची त्यांची धडपड काही कथांत नुसती कसरत वाटते. पण त्या कसरती त्यांनी केल्या नसत्या तर ज्या कथांनी मराठी कथेचे वळण बदलले त्या लिहिल्या गेल्या नसत्या, हेही तिथेच दिसते. फसलेली कथा शिकाऊ लेखकाला धीर देते. शिवाय लेखकाच्या सवयी तिथे उघड्या पडतात : कोणता शब्द तो गरजेपेक्षा जास्त वापरतो, कोणत्या प्रसंगापाशी आल्यावर तो घाबरून भाष्य करू लागतो. दुसऱ्याच्या सवयी ओळखू लागल्यावर आपल्या सवयी लपत नाहीत.

मोठ्याने वाचण्याचा फायदाही असाच. डोळे खोट्या वाक्यावरून सहज घसरत जातात, जीभ अडखळते. शंकर पाटलांचे संवाद वाचताना आमची जीभ एकदाही अडखळली नाही. स्वतःच्या कथा वाचताना मात्र ती दर परिच्छेदाला अडखळली.

६

दोन आक्षेपांचा विचार इथे करायला हवा.

पहिला आक्षेप भालचंद्र नेमाड्यांचा म्हणून ओळखला जातो. कादंबरीच्या तुलनेत कथा हा किरकोळ वाङ्मयप्रकार आहे, अशी मांडणी त्यांनी सातत्याने केली आहे. आमच्यातल्या एकाचा तिच्यावर गाढ विश्वास होता, आणि तो हा उन्हाळा पुढे लिहायच्या कादंबरीची तालीम म्हणूनच घालवत होता. नेमाड्यांच्या रोषाचा रोख आम्ही समजू शकतो. नियतकालिकांच्या पानांच्या मापाने कापलेल्या, चटकदार शेवटासाठी लिहिलेल्या कथांचा मराठीत एके काळी जो सुकाळ होता, त्याला उद्देशून ते म्हणणे खोटे नव्हते. पण ते दूषण प्रकाराचे नाही, बाजाराचे आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षककथेत गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर आलेला तरुण राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि पुढे त्याचे जे होते ते मोजक्या पानांत संपते. १९६३ मध्ये त्या पानांनी जे केले ते करायला चारशे पानांची कादंबरी अपुरी पडली असती, कारण त्या कथेचा धाक तिच्या आखूडपणात आहे. सुटकेला जागाच नाही. अरविंद गोखल्यांसारखा लेखक जन्मभर कथेशीच एकनिष्ठ राहिला, जी. एं.नी स्वतःची कादंबरी लिहिली नाही. त्यांना दम नव्हता म्हणून नव्हे. जिना म्हणून कथा वाचणाऱ्याला पायऱ्यांखेरीज काही दिसत नाही. त्या मित्राची कादंबरी अद्याप व्हायची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच लाडक्या उदाहरणातून निघतो. अण्णा भाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. त्यांनी कोणत्या उन्हाळ्यात कोणते कथासंग्रह वाचले होते? मग वाचनाचे एवढे स्तोम कशाला? याचे पहिले उत्तर असे की शाळेत न जाणे म्हणजे भाषेच्या परंपरेबाहेर असणे नव्हे. तमाशा, पोवाडे, लाल बावट्याचे कलापथक ही त्यांची विद्यापीठे होती, आणि अक्षरओळख झाल्यावर मुंबईत त्यांनी वाचलेही. पण हे उत्तर देऊन सुटका करून घेणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. पुरे उत्तर असे आहे की वाचन ही लेखनाची अट नाही. काही माणसांना जग थेट दिसते. आम्हाला दिसत नव्हते. शाळा, महाविद्यालय, पाठ्यपुस्तके, गाइडे आणि साहित्यिक होण्याची हौस यांनी आमच्या डोळ्यांवर एकावर एक इतके पापुद्रे चढवले होते की समोरची पक्कड दिसायलाही भीमाची बोटे जावी लागली. वाचनाने आम्हाला काही मिळाले त्याहून अधिक आमचे काही गळाले. ज्याच्या डोळ्यांवर पापुद्रे नाहीत त्याने खुशाल वाचू नये. मात्र मराठीत एम. ए. करणाऱ्याने आपण त्यांपैकी आहोत असे समजण्याची घाई करू नये.

७

आता तिसऱ्या नियमाविषयी. मृग लागला त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना कथा वाचून दाखवायच्या होत्या. तिघांपैकी कोणाचीही कथा झाली नव्हती. मैत्रिणीने चार आरंभ लिहून टाकून दिले होते. एकाने लिहिलीच नव्हती. वायरमनच्या मुलाकडे दीड पान होते. त्यात एक माणूस रात्री डीपीकडे चालत जातो एवढेच घडत होते. आम्ही ते ऐकले. ते अपुरे होते, खडबडीत होते, पण जीभ कुठे अडखळली नाही.

त्याऐवजी त्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दि. बा. मोकाशींची ‘आता आमोद सुनासि आले’ वाचली, त्याच मित्राच्या अंगणात, कंदिलाच्या उजेडात. पुढे २०२१ मध्ये सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ हा चित्रपट या कथेवरून आला, त्यामुळे ती आता बऱ्याच जणांना परिचित आहे. मुलगा गमावलेला लोहार, पाऊस, पोथीला जमलेली माणसे, आणि अडलेली गाय. लोहाराचे सांत्वन करायला शब्द पुरत नाहीत. पण गाय सोडवायला त्याच्या हातांची गरज असते, कारण ते काम त्याच्या हातांना येते. वाचन चालू असताना मित्राचे वडील जेवण करून उंबऱ्याशी येऊन बसले. ते कधी पुस्तकाच्या वाटेला गेलेले नव्हते. निम्मी कथा झाली असेल-नसेल, तेवढ्यात कोणीतरी तक्रार घेऊन आले आणि ते पक्कड घेऊन निघून गेले.

सकाळी चहा घेताना त्यांनी मुलाला विचारले, “गाय सुटली का रे?”

विद्यार्थी यादी मागतात तेव्हा आम्हाला हा प्रश्न आठवतो. आमच्या वहीतल्या सगळ्या रकान्यांपेक्षा तो कथेच्या अधिक जवळचा होता. आम्ही तिघे चाळीस दिवस वाचून जिथे पोचण्याची धडपड करत होतो तिथे तो माणूस अर्धी कथा ऐकून बसलेला होता : त्याला ती गाय खरी वाटली होती, आणि तिचे काय झाले याची त्याला रात्रभर काळजी होती.

आम्हा तिघांपैकी दोघे आज शिकवतात. मैत्रिणीने पुढे थोड्या पण स्वतःच्या अशा कथा लिहिल्या. त्यांचा निवेदक पुरुष नाही. वायरमनच्या मुलाचे ते दीड पान अजून दीडच पान आहे, आणि आंधळ्या प्रवाशाची कथा त्याने त्याच वर्षी बंबात घातली. त्याला लेखक होता आले नाही असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. खोटी कथा स्वतःहून बंबात घालणारे आपल्याकडे फार नाहीत. तसे असते तर दिवाळी अंक निम्मे पातळ झाले असते.

म्हणून आता आम्ही यादी देत नाही. एकच संग्रह सांगतो, शक्यतो त्या विद्यार्थ्याच्या मुलखाजवळचा : परभणीकडच्या मुलाला आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’, गिरणगावातून आलेल्या मुलीला जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा, त्यातल्या दोन कथा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आणि ऐकणारा मराठीचा विद्यार्थी नसावा. जूनमध्ये भेटायला यावे. येताना नवी कथा आणायची नाही. आपल्या जुन्या कथांपैकी कोणती फाडली, आणि का, एवढे सांगावे.

बहुतेक जण जूनमध्ये येत नाहीत. एखादा येतो.